सड्यावर धावायचं, पण पाय कुठे टाकायचा?

रानातून, माळावरून धावण्याबद्दल बरीच पत्रं साठली होती. त्यातली चार यावेळी घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी साताऱ्यात राहते, माहेर जावळीतलं. वय 57. गेली 21 वर्षं धावते आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त मातीवर.

प्रश्न : मी पुण्यात डांबरी रस्त्यावर धावतो. दोन हाफ मॅरेथॉन झाल्या आहेत. सप्टेंबरात मित्रांबरोबर येऊन कास पठारावर फुलांमधून धावायची फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी, अंतर किती धरावं? – एक वाचक, कोथरूड

जरूर या. पण फुलांमधून नको. हे आधी सांगते, कारण ती चूक माझ्या हातून झालेली आहे.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. रात्रभर पडून पाऊस नुकताच थांबला होता, सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या खडकावर, चिटपाखरू नव्हतं. मी डांबर सोडलं आणि सरळ आत शिरले. पायाखाली ओलं गवत, चारी बाजूंना सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग. असं धावणं त्याआधी कधी झालं नव्हतं. लेस सुटली म्हणून खाली बसले, तर तळहाताएवढ्या जागेत सीतेची आसवं उमललेली. निळी-जांभळी, इतकी बारीक की उभ्यानं दिसलीच नसती. शेजारी दवबिंदू नावाच्या रोपाची लालसर पानं, पानांच्या केसांवर चिकट थेंब, एका थेंबात चिलटाएवढा किडा अडकलेला. आणि त्याला लागूनच माझ्या बुटाचा ठसा, हळूहळू पाण्यानं भरत होता. मागे वळून पाहिलं तर ठशांची रांग थेट रस्त्यापर्यंत.

तेवढ्यात गुरं घेऊन निघालेल्या एका आजींनी लांबून हाक दिली, "बाई, वाट हाय की हितं गुरांची!" त्यांची गुरंसुद्धा एकामागे एक, एकाच वाटेनं चालली होती.

कासचा सडा म्हणजे जांभ्याचा खडक. वर मातीचा अगदी पातळ थर, पुष्कळ ठिकाणी तोही नाही. त्या मातीत कस नाही, म्हणून तर सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे पकडून आपली गरज भागवतात. उगवणं, फुलणं, बी धरणं, सगळं पावसाच्या त्या तीन-चार महिन्यांतच उरकायचं असतं. सप्टेंबरात रोप तुडवलं की त्याचं बी गेलं. पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागांना 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात आपल्या राज्यातल्या चारच आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पण त्या सकाळी मला वारसाबिरसा काही आठवलं नाही. ठसे तेवढे दिसले, आणि फार वाईट वाटलं.

आता मार्ग. पहाटे साडेपाचला समर्थ मंदिराच्या बाजूनं निघा आणि यवतेश्वरचा घाट धरा. साताऱ्याची हिल मॅरेथॉन याच घाटात होते, पण शर्यतीच्या गर्दीत घाट दिसत नाही. तो एकट्यानं चढावा. निम्म्यावर आलात की खाली शहराचे दिवे, समोर अजिंक्यतारा, आणि दरीतून ढग वर यायला लागलेले. चढावर पाऊल आखूड ठेवा. धाप लागली तर चाला, त्यात कमीपणा काही नाही. यवतेश्वरच्या पुढे रस्ता वर-खाली होत पेट्रीकडे जातो. एका बाजूला झाडी, दुसरीकडे कुरणं आणि भाताची खाचरं. मला विचाराल तर धावायला सगळ्यात सुंदर तुकडा हाच. फुलांचं पठार अजून पुष्कळ लांब असतं आणि त्याची आठवणही होत नाही.

साताऱ्यापासून कास साधारण 25 किलोमीटर, उंची 1200 मीटरच्या आसपास. पहिल्याच खेपेला तिथवर धावत जायचा हट्ट धरू नका. घड्याळात आठ किलोमीटर झाले की मागे फिरा. उतरताना मांड्यांवर खरा भार येतो, सपाटीवर धावणाऱ्यांना तो दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो. त्यामुळे उताराला लांब ढांगा टाकू नका. धुक्यात उजव्या कडेनं धावा, म्हणजे समोरची गाडी दिसते. अंगात भडक रंगाचं काहीतरी असू द्या. शनिवार-रविवार टाळाच, हंगामात गाड्यांची रांग लागते.

मग आंघोळ करा, पोहे खा आणि गाडीनं कासला जा. हंगामात नोंदणी आणि शुल्क असतं, ते आधी बघून ठेवा. राजमार्ग म्हणतात त्या जुन्या वाटेनं कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत चालत जा. तिथे धावू नका. तळ्यातली पांढरी फुलं बघायला थांबावंच लागतं.

प्रश्न : आमच्या घरामागे देवराई आहे आणि पुढे मोठं कुरण. लग्नाआधी कबड्डी खेळायचे, आता पुन्हा धावायला लागले आहे. पहाटेशिवाय वेळ मिळत नाही. सासूबाई म्हणतात, रानात गवे आहेत, अंधारात जाऊ नको. त्यांना कसं समजवू? – एक वाचक, जावळी तालुका

ताई, समजवू नका. त्यांचं ऐका. आपल्याकडे गवे रात्री शिवारात चरायला उतरतात आणि उजाडता उजाडता रानात परततात. तुम्ही निघता ती वेळ नेमकी त्यांच्या परतीची. अस्वलही झुंजूमुंजूला आणि तिन्हीसांजेला फिरतं, करवंदं-जांभळं पिकली की जास्तच. डेअरीची गाडी दूध घेऊन गेली, रस्त्यावर चार माणसं दिसायला लागली की निघा. अर्धा तास उशीर होईल. त्यासाठी घरातलं एखादं काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालावं लागलं तर घाला. चहा कुणालाही करता येतो.

कानात काही घालू नका. वळणावर टाळी वाजवा किंवा खाकरा, जनावराला तुमची चाहूल आधी लागली पाहिजे. गवा दिसला तर थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका आणि वाट त्याला द्या. पाठ फिरवून पळायचं नाही. अचानक जवळ गेलं तर तो बिचकतो, आणि बिचकलेला गवा फार वाईट.

एक काम मात्र जरूर करा. सासूबाईंनाच घेऊन एकदा त्या वाटांवरून चाला. माझी आई सरपणाला आणि गवताला रानात जायची. कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, गवे कुठे उतरतात, कुठली वाट पावसात खचते, सगळं तिला पाठ. मी शहरात धावायला शिकले आणि दहा वर्षांनी तिच्यामागून चालताना कळलं, की माझ्या गावाभोवती बारा किलोमीटरचा एक सलग फेरा आहे. पाणंदीनं निघायचं, कुरणाच्या बांधावरून ओढ्यापर्यंत, मग गुरवाटेनं वर. कुठल्याही नकाशात तो नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली, मी अजून त्याच फेऱ्यावर धावते.

देवराईत धावू नका. कडेला थांबा, तुमच्याकडे रीत असेल तर बूट काढून आत जा. आतला गारवा पायाला लागतो तेव्हा श्वास आपोआप खाली बसतो.

प्रश्न : बारामतीच्या बाजूला राहतो. इथे जंगल नाही, नुसता उजाड माळ. सुप्याचं अभयारण्य जवळ आहे, तिथे धावलं तर चालेल का? – एक वाचक, बारामती तालुका

उजाड म्हणू नका. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, पण तिथे चिंकारा आहेत. गवताळ माळ हेच त्यांचं घर. आत धावणं नको. धावणारा माणूस त्यांना पाठलाग करणाऱ्यासारखाच वाटणार, आणि कडक उन्हाळ्यात त्यांना उगाच पळायला लावणं बरं नाही.

बाहेरची गाडीवाट धरा. सकाळचं कोवळं ऊन तिरपं पडलं की वाळलेलं गवत तांब्यासारखं दिसतं, आणि त्यात चंडोल गात गात सरळ वर चढत जातो. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत वाट अजिबात सोडू नका. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. मातकट, काळे ठिपके असलेली, बहुधा चार. मी एकदा दोन हात अंतरावर उभी होते तरी दिसली नव्हती. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या पावली मागे फिरा.

मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढ्या बसवलेला तळ, दिसला तर लांबूनच धावणं थांबवून चाला आणि हाक द्या. त्यांची कुत्री राखणीची आहेत, लांडग्याला हटकणारी. धावणाऱ्याला सोडत नाहीत. मालकानं आवाज दिला की गप्प होतात.

प्रश्न : दिवाळीनंतर माळावर धावलं की मोजे कुसळांनी भरतात. पाय सोलून निघतात. काय करू? – एक वाचक, कोरेगाव

लोकरीचे किंवा जाड विणीचे मोजे घालू नका, कुसळ त्यातच रुततं. गुळगुळीत, घट्ट विणीचे पातळ मोजे घ्या आणि घोट्यावर कापडी पट्टी गुंडाळा. थांबून कुसळं ओढत बसू नका, टोक तुटून आत राहतं. घरी आलात की मोजा उलटा करा आणि कुसळ आतल्या बाजूनं, टोकाकडून ओढा. ते ज्या दिशेनं शिरतं त्याच दिशेनं पुढे सरकतं, मागे येत नाही. आणि काढलेली कुसळं परसात टाकू नका, पुढच्या पावसात तिथेच उगवतील. चुलीत घाला.