पटकथा भाषण वाटू नये म्हणून

प्रश्न : अमेरिकेतील वर्णभेदावर मी पटकथा लिहीत आहे, पण ज्यांना ती वाचून दाखवली, त्यांना ती भाषणासारखी वाटते. विषय सौम्य न करता ती रंजक कशी करावी?

उत्तर : विषय सौम्य करण्याची मुळीच गरज नाही, पात्रांच्या तोंडून त्याचे विवेचन करवून घेण्याचा मोह मात्र आवरावा लागेल. जॉर्डन पील यांचा २०१७ मधील ‘गेट आउट’ पाहा. गोऱ्या प्रेयसीच्या आईवडिलांना प्रथमच भेटायला निघालेला कृष्णवर्णीय तरुण, हा मूळ प्रसंग इतका घरगुती आहे की आपल्याकडच्या कोणत्याही भावी जावयाला त्यातले अवघडलेपण कळावे. शक्य असते तर ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिले असते, असे मुलीचे वडील त्याला ऐकवतात. द्वेषाचा एकही शब्द नसलेले ते वाक्य हसवते आणि अस्वस्थही करते. अखेरीस रात्रीच्या रस्त्यावर दिवे चमकवत गाडी येते, तेव्हा पोलीस आले असे समजून सुटकेचा निःश्वास टाकण्याऐवजी प्रेक्षक नायकासाठी घाबरतो. त्या क्षणी त्याला वर्णभेद समजावून सांगावा लागत नाही. नायक तुरुंगात जातो, असा शेवट पील यांनी आधी चित्रितही केला होता. तो बदलून त्यांनी गाडीतून नायकाचा मित्र उतरवला. माझ्या मते त्यामुळे विषयाची धार बोथट झाली नाही, कारण भीती तोवर पोहोचलेली होती. (ऑस्करही याच पटकथेला मिळाले.)

तुमच्या संहितेतील सर्वांत लांब संवाद काढून टाका आणि तो जे सांगत होता, ते जेवणाच्या टेबलावरच्या एखाद्या प्रसंगात घडवता येते का, ते पाहा.