रेमडेसिविर शरीरात किती दिवस राहतं?

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये आईला कोविडसाठी रेमडेसिविरची सहा इंजेक्शनं दिली. भावाने साताऱ्याहून पुण्याला जाऊन ती कशीबशी मिळवली. औषध अजून प्रयोगातलंच आहे, असं तेव्हा ऐकत होतो. आता आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) थोडं वाढलंय. ते औषध अजून शरीरात असेल का? आणि त्याची गोळी का नव्हती?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. तुमच्या आईंच्या शरीरात ते आता उरलेलं नाही, ही खात्री बाळगा.

गोळीचं आधी सांगतो. पोटातून शोषलेलं औषध सर्वांत आधी यकृतात जातं आणि रेमडेसिविर तिथेच बहुतांश मोडलं जातं. म्हणून ते सलाइनमधून शिरेत द्यावं लागतं. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन कुप्या, आणि पुढचे चार दिवस रोज एक. तुमच्या भावाने धावाधाव करून आणलेल्या सहा कुप्यांचा हिशेब हा असा आहे.

रक्तात गेल्यावर मात्र साधारण तासाभरात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मी औषधशास्त्र शिकवायचो. इथवर आलो की वर्गाला विचारायचो : मग दिवसातून एकदाच देऊन कसं भागतं? तर हे औषध पेशीत शिरतं ते झाकलेल्या रूपात. आत पेशीतले एन्झाइम ते आवरण कापतात आणि औषधात आधीच असलेल्या एका फॉस्फेटला आणखी दोन जोडले जाऊन तीन होतात. आता त्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे पेशीचा पडदा ओलांडून त्याला सहज बाहेर पडता येत नाही. आपल्या आरएनएची, म्हणजे जनुकीय साखळीची, नक्कल करताना विषाणू त्याला त्या साखळीचा एक घटक, ॲडेनोसिनच, समजून आत घेतो आणि नक्कल अडते. पेशीतलं हे रूप निम्मं व्हायला सुमारे ४३ तास लागतात. म्हणजे रक्ततपासणीत मूळ औषध जवळपास संपलेलं दिसतं, तेव्हाही पेशीत काम चालूच असतं.

फॉस्फेट सुटले की उरतं ते जीएस-४४१५२४. रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे २७ तासांनी निम्मं होतं आणि ते मुख्यतः लघवीवाटे जातं. हे नेमकं कसं कळलं? निरोगी स्वयंसेवकांना किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावलेला एक डोस दिला आणि त्यांची लघवी-शौच गोळा करून मोजली. ७४ टक्के लघवीत सापडलं, १८ टक्के शौचात. स्वतःला आजार नसताना हे सोसणाऱ्या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. २०१८-१९ मध्ये काँगोतल्या इबोला चाचणीत रेमडेसिविर मागे पडलं, पण त्याची शरीरातली वाट अभ्यासून झाली होती, म्हणून २०२० मध्ये कोविडवरच्या चाचण्या लगेच सुरू करता आल्या.

प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धआयुष्य. दर अर्धआयुष्याला निम्मं, असं पाच वेळा झालं की साधारण तीन टक्के उरतं. ४३ तासांच्या हिशेबाने शेवटच्या कुपीनंतर नऊ दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर जीएस-४४१५२४ जास्त रेंगाळतं, पण तेही वर्षानुवर्षं नाही.

मूत्रपिंडाची भीती तुम्हाला वाटली, ती निराधार नव्हती. औषध विरघळवण्यासाठी वापरलेलं सायक्लोडेक्स्ट्रिनही मूत्रपिंडातूनच बाहेर जातं, म्हणून सुरुवातीला मूत्रपिंडाचं काम फार घटलेल्या रुग्णांना हे इंजेक्शन टाळा असंच सांगितलं जाई. अशा रुग्णांमध्ये पुढे अभ्यास झाला आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, डायलिसिसवरच्या रुग्णांनाही, डोस न घटवता, परवानगी दिली.

तेव्हा आजच्या क्रिएटिनिनचं कारण आईंच्या रक्तदाबात, साखरेत किंवा रोजच्या औषधांत शोधा. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या आणि मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. जाताना २०२१ चं डिस्चार्ज कार्ड आणि त्याआधीचे क्रिएटिनिनचे रिपोर्ट न्या. गुडघेदुखीसाठी त्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणत असतील, तर ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.