वाचकांचे प्रश्न : नेहरू चषक आणि आपल्या गावची साखळी स्पर्धा

कपाशीची वेचणी उरकत आली की खानदेशात मैदानं मोकळी होतात आणि गावोगावी स्पर्धांच्या बैठका सुरू होतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी निम्मी नेहरू चषक या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेबद्दल आहेत आणि निम्मी गावच्या स्पर्धेबद्दल. दोन्हींचा संबंध जवळचा असल्यामुळे उत्तरं एकत्रच देत आहोत.

नेहरू चषक नेमका कधी सुरू झाला, किती वेळा झाला आणि कोण कोण जिंकलं? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळी यादी दिसते. (महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव)

यजमान कायम भारत आणि पाहुणे संघ दरवेळी वेगळे, असं या स्पर्धेचं स्वरूप होतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९८२ मध्ये कोलकात्यात ती सुरू केली. पहिलाच चषक उरुग्वेने नेला, अंतिम सामन्यात चीनला २-० हरवून. पुढे जगभर गाजलेला एन्झो फ्रान्चेस्कोली उरुग्वेकडून आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना याच स्पर्धेत खेळला.

१९८३ मध्ये कोचीनला हंगेरी, १९८४ मध्ये कोलकात्याला पोलंड. त्यानंतर सलग चार वर्षं सोव्हिएत संघ : १९८५ कोचीन, १९८६ त्रिवेंद्रम, १९८७ कालिकत, १९८८ सिलिगुडी. १९८९ मध्ये गोव्यात पुन्हा हंगेरी. नंतर स्पर्धा एक वर्षाआड होऊ लागली. १९९१ रुमानिया, १९९३ उत्तर कोरिया, १९९५ आणि १९९७ इराक. मग दहा वर्षं काहीच नाही. २००७, २००९ आणि २०१२ मध्ये दिल्लीत ती पुन्हा भरली आणि तिन्ही वेळा भारत जिंकला. एकूण १५ स्पर्धा. तुमच्या याद्या जुळत नाहीत, कारण काही ठिकाणी १९९० आणि १९९२ ही वर्षंही घुसडलेली असतात. त्या वर्षी स्पर्धा झालीच नाही.

१९८४ ची स्पर्धा वेगळी लक्षात ठेवावी. त्या वर्षी कार्लोस बिलार्दो यांच्या मार्गदर्शनाखाली अर्जेंटिना आली होती. भारताने तिला शेवटपर्यंत झुंजवलं आणि रिकार्डो गारेकाच्या एकमेव गोलवर ०-१ अशी हार पत्करली. दोनच वर्षांनी बिलार्दोंची अर्जेंटिना विश्वविजेती झाली. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ज्या पराभवांचा अभिमान बाळगावा, त्यांत हा वरचा.

सोव्हिएत संघ, हंगेरी, पोलंड असे बलाढ्य देश इतक्या लांब कसे काय यायचे? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

हवामानामुळे. ऐंशीच्या दशकात ही स्पर्धा बहुतेक जानेवारी ते मार्च या काळात असायची. त्या दिवसांत मॉस्को आणि वॉर्सात मैदानं बर्फाखाली असतात. सोव्हिएत लीग तर वसंत ते शरद अशीच चालायची. त्यांना हिवाळ्यात सरावासाठी उबदार जागा लागायची आणि केरळ-बंगालमध्ये ती मिळायची, वर खच्चून भरलेलं स्टेडियमही. मात्र प्रत्येक देशाने दरवेळी आपला पहिल्या फळीचा संघ पाठवला असं समजू नका. २०१२ मध्ये आलेल्या कॅमेरूनच्या संघातही युरोपात खेळणारे त्यांचे नामांकित खेळाडू नव्हते. जुने निकाल वाचताना देशाच्या नावाआधी संघातली नावं पाहावीत.

घरात जपून ठेवलेल्या १९८६ च्या कात्रणात एका संघापुढे ‘सामने ४, विजय ३, बरोबरी १, गुण ७’ असं छापलंय. ही छपाईची चूक का? (पाचोरा)

कात्रण बरोबर आहे. तेव्हा विजयाला २ गुण होते, बरोबरीला १. विश्वचषकात विजयाला ३ गुण १९९४ पासून मिळू लागले आणि पाठोपाठ सगळीकडे तेच रूढ झालं. आजच्या हिशेबाने त्या संघाचे १० गुण होतील. जुन्या आणि नव्या स्पर्धांची तुलना करायची तर गुण सोडा, विजय आणि बरोबरी मोजा.

२००७ मध्ये भारत साखळीत सीरियाकडून हरला, तरी चषक भारताला. हा न्याय झाला का? (क्रीडाशिक्षक, अमळनेर)

तुम्ही एकाच वर्षाचं विचारलंत, पण तिन्ही वर्षी असंच झालं. २००७ मध्ये साखळीत सीरियाने भारताला ३-२ हरवलं, अंतिम सामन्यात त्याच सीरियाविरुद्ध भारत १-० जिंकला. गोल एन. पी. प्रदीपचा. २००९ मध्ये साखळीत सीरिया १-० जिंकला, त्यांच्याशीच अंतिम सामना १-१ आणि शूटआऊटमध्ये (बरोबरी फोडायच्या पेनल्टी फटक्यांत) भारत ५-४. २०१२ मध्ये साखळीत कॅमेरून १-० जिंकला, त्यांच्याशीच अंतिम सामना २-२ आणि शूटआऊटमध्ये पुन्हा भारत ५-४.

स्पर्धेचा साचा आधीच ठरलेला होता : पाच संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक गाठ, आणि पहिल्या दोघांत अंतिम सामना. अशा साच्यात साखळी फक्त दारापर्यंत पोचवते. निव्वळ साखळीवर निकाल लावला असता, तर २००७ आणि २००९ चे चषक सीरियाला गेले असते, कारण दोन्ही वेळा गुणतक्त्यात सीरिया वर होता. उलट उदाहरण २०२४ च्या इंटरकॉन्टिनेंटल चषकाचं. नेहरू चषक बंद पडल्यावर २०१८ पासून मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा त्या वर्षी हैदराबादला तीनच संघांत झाली आणि अंतिम सामना ठेवलाच नव्हता. भारताची मॉरिशसशी ०-० बरोबरी झाली, सीरियाने भारताला ३-० हरवलं आणि सीरिया थेट विजेता ठरला. दुसरी संधी नव्हती.

दोन्ही पद्धती न्याय्य आहेत, फक्त पहिला चेंडू उडण्याआधी त्या लेखी जाहीर हव्यात. आमचं मत विचाराल तर गावच्या स्पर्धेत अंतिम सामना ठेवावाच. गर्दी त्याच दिवशी येते आणि शेवटच्या फेरीपर्यंत चार संघांना तरी आशा राहते.

आमच्या मंडळाला नेहरू चषकासारखी पाच संघांची साखळी घ्यायची आहे. मैदान एकच, फ्लडलाइट नाहीत. सामने कसे लावायचे? (युवक मंडळ, चाळीसगाव)

पाच संघांचे १० साखळी सामने होतात. संघसंख्येला तिच्याहून एक कमी असलेल्या संख्येने गुणा आणि निम्मे करा : ५ गुणिले ४ म्हणजे २०, निम्मे १०. सहावा संघ घेतलात तर एकदम १५ होतील, म्हणून मोह आवरा. चिठ्ठ्या टाकून संघांना अ, ब, क, ड, इ अशी अक्षरं द्या आणि फेऱ्या अशा लावा :

पहिली : ब-इ, क-ड (अ ला विश्रांती)
दुसरी : क-अ, ड-इ (ब ला विश्रांती)
तिसरी : ड-ब, इ-अ (क ला विश्रांती)
चौथी : इ-क, अ-ब (ड ला विश्रांती)
पाचवी : अ-ड, ब-क (इ ला विश्रांती)

अक्षर निवडायची मुभा यजमान संघालाही देऊ नका. ‘इ’ चे सामने चौथ्या फेरीतच संपतात. बाकीच्यांना आपल्याला नेमकं किती हवं ते कळतं आणि ‘इ’ ला बाहेर बसून पाहावं लागतं. १९८२ च्या विश्वचषकात हेच घडलं. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशी संपले होते. पश्चिम जर्मनी १-० जिंकला तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि पुढे दोघांनी नुसता चेंडू फिरवला. तेव्हापासून विश्वचषकात गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. तुमच्याकडे दुसरं मैदान मिळत असेल तर पाचवी फेरी तरी एकाच वेळी खेळवा. नसेल तर चिठ्ठीशिवाय इलाज नाही.

वेळेचा हिशेब डोक्यात धरू नका, कागदावर करा. ३५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये १० मिनिटं म्हणजे ८० मिनिटं. दुखापती, चेंडू शोधणं धरून ९० धरा. डिसेंबरात सहाच्या आत अंधारून येतं, म्हणून पहिला सामना दोनला आणि दुसरा पावणेचारला. उद्घाटनाची भाषणं पहिल्या सामन्याआधी ठेवली की दुसरा सामना अंधारात जातो. नारळ दीड वाजताच फोडा. अंतिम सामना तीनला सुरू करा, म्हणजे १०-१० मिनिटांची जादा वेळ आणि शूटआऊट सव्वापाचपर्यंत उरकतं.

फक्त शनिवार-रविवार खेळायचं असेल तर तीन आठवड्यांत सगळं बसतं असं वाटेल. शनिवारी पाचवी फेरी आणि रविवारी अंतिम सामना. ही चूक करू नका. ‘इ’ अंतिम फेरीत पोचला तर तो ताजातवाना असेल आणि समोरचा आदल्या दिवशी खेळून थकलेला. अंतिम सामना पुढच्या रविवारी घ्या. २०१२ मध्ये भारताचे साखळी सामने २२, २५, २८ आणि ३१ ऑगस्टला होते, म्हणजे मध्ये दोन-दोन दिवस विश्रांती. आपल्या पोरांना अंतिम सामन्याआधी निदान एक दिवस तरी द्या.

गेल्या वर्षी आमच्याकडे तीन संघांचे गुण सारखे झाले आणि भांडण पेटलं. नियम काय? (शिरपूर)

एकच नियम सगळीकडे नाही. काही स्पर्धा आधी एकूण गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पाहतात, काही त्या संघांतल्या आपसातल्या लढती. तुमच्या पत्रकात क्रम छापलेला नव्हता, भांडण तिथेच जन्मलं.

क्रमाने किती फरक पडतो ते पाहा. अ ने ब ला २-० हरवलं, ब ने क ला ३-० आणि क ने अ ला १-०. उरलेल्या दोन संघांना तिघांनीही २-० असंच हरवलं. तिघांचे ९-९ गुण. आपसातला गोलफरक काढला तर अ अधिक १, ब अधिक १, क उणे २. क बाहेर. आता अ आणि ब यांत पहिला कोण? जास्त गोल पाहिले तर ब, कारण त्याचे ३ आणि अ चे २. दोघांची आपसातली लढत पाहिली तर अ. दोन नियम, दोन निकाल.

पत्रकात असं छापा : गुण, मग एकूण गोलफरक, मग एकूण गोल, मग आपसातली लढत, शेवटी चिठ्ठी. गोलफरक आधी घेतला की हिशेब प्रेक्षकांनाही करता येतो. न आलेल्या संघाविरुद्ध ३-० धरायचं हेही त्याच पत्रकात छापा. आणि एखादा संघ मध्येच स्पर्धा सोडून गेला तर त्याचे झालेले सगळे निकाल रद्द करा. नाहीतर ज्यांनी त्याला हरवलं त्यांना फुकटचे गुण राहतात आणि ज्यांचा सामना राहिला ते नागवले जातात.

शाळेचं मैदान काळ्या मातीचं आहे. आखणी आणि तयारी कशी करावी? (माध्यमिक शाळा, पारोळा)

काळी माती वाळली की भेगाळते आणि ओली झाली की बुटाला तिचे गोळे चिकटतात. दोन्हींच्या मधली अवस्था गाठायची. भेगांत चाळलेली बारीक मातीच भरा. मुरूम भरलात तर गुडघे सोलून निघतील. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा, सकाळी पावलाला माती चिकटेनाशी झाली की रोलर फिरवा. पाइप सोडून पाणी दिलं तर त्या दिवशी सामना विसरा.

मैदान किमान ९० बाय ४५ मीटर लागतं. जागा असेल तर १०० बाय ६४ घ्या. आधी एक लांब बाजू आखा. कोपऱ्यापासून तिच्यावर ८ मीटरवर एक खुंटी, आडव्या बाजूला ६ मीटरवर दुसरी. दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर १० मीटर आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. १०० बाय ६४ ला प्रत्येक कर्ण ११८.७३ मीटर यायला हवा. एक कमी, एक जास्त आला तर मैदान तिरकं झालंय, फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) मारण्याआधीच दुरुस्त करा. मोजायला नायलॉनची दोरी नको, ती ताणते. स्टीलचा टेप घ्या.

गोल आतून ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. पेनल्टी क्षेत्र प्रत्येक खांबाच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर, म्हणून एकूण रुंदी ४०.३२ मीटर. लहान क्षेत्र ५.५ मीटर, पेनल्टीची खूण ११ मीटर, मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि सगळी मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायची, कारण रेषा त्या क्षेत्रातच मोडते.

फक्की चुनखडीच्या भुकटीचीच वापरा. बांधकामाचा कळीचा चुना कदापि नको. घामाशी किंवा पाण्याशी गाठ पडली की तो तापतो, कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. सुटे लोखंडी गोलपोस्ट असतील तर मागचा पाया जमिनीत पक्का रोवा किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबा. आडव्या दांड्याला पोरं लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो. यात जीव गेलेले आहेत.

शूटआऊटमध्ये पाच-पाच झाल्यावर पुढे काय? आणि गोलरक्षक रेषा सोडून पुढे आला तर? (शहादा)

पंच दोन वेळा नाणं उडवतात, एकदा कोणत्या गोलवर मारायचं यासाठी, एकदा आधी कोण मारणार यासाठी. मग आळीपाळीने पाच-पाच फटके. गाठणं अशक्य झालं की तिथेच थांबायचं. पाचांनंतर बरोबरी असेल तर एकेक फटका, फरक पडेपर्यंत. सामना संपताना मैदानात असलेल्यांनीच मारायचं, आणि एखाद्या संघाचा माणूस बाहेर गेलेला असेल तर दुसऱ्यानेही तेवढेच कमी करायचे. गोलरक्षकासह प्रत्येकाचा एक फटका झाल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा मारता येत नाही.

फटका बसतो त्या क्षणी गोलरक्षकाचा निदान एक पाय रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेमागे हवा. पुढे येऊन त्याने चेंडू अडवला तर फटका पुन्हा, आणि पहिल्या वेळी त्याला फक्त ताकीद. चेंडू बाहेर गेला किंवा खांबाला लागून परतला तर मात्र सहसा पुन्हा नाही.

२००९ चा अंतिम सामना पाहायला मिळाला तर भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याचे पाय पाहा. भारताच्या रेनेडी सिंगने ११४ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला होता, सीरियाने अगदी शेवटच्या क्षणी तो फेडला, आणि त्या धक्क्यातून उठून पालने शूटआऊटमध्ये तीन फटके अडवले.