आश्विनातली तूट

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

स्वच्छ ऊर्जेच्या क्षेत्रातच काम करायचे हे तुझे ठरले आहे, पण त्यासाठी पुणे-सातारा पट्टा सोडावा का, असे तू विचारतेस. माझे उत्तर असे, की निदान पहिली पाच वर्षे येथेच काढ.

या भागाचे बळ सांगताना लोक संस्थांची नावे घेतात, आणि ती घेण्याजोगी आहेतच. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. तिच्या आणि केपीआयटी या कंपनीच्या संशोधनातून हायड्रोजनवर चालणारी बस २०२२ मध्ये पुण्यात लोकांसमोर आली. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. इथेनॉलमध्ये प्राज, बॉयलरमध्ये थरमॅक्स आणि पवनऊर्जेत सुझलॉन यांची मुख्यालयेही पुण्यातच आहेत. मला मात्र याहून मोलाचे वाटते ते येथील ऊर्जेचे ऋतुचक्र.

पाटण तालुक्यातल्या वनकुसवडेच्या पठारावर, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, पवनचक्क्या सर्वांत जोमाने फिरतात त्या आषाढ-श्रावणात, म्हणजे नेमक्या ज्या काळात ढगांमुळे सौर पटलांचे उत्पादन घटलेले असते. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखाने सुरू होतात आणि बगॅसवरची, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडावरची, सहवीजनिर्मिती चार-पाच महिने चालते. ती थांबते तोवर चैत्र-वैशाखाचे ऊन हाताशी आलेले असते. एवढे सगळे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते, अशी जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

या चक्रात एक खिंडार आहे, आणि तुझे काम तेथे आहे असे मला मनापासून वाटते. भाद्रपद सरता सरता वारा पडतो, परतीच्या पावसाचे ढग सूर्य झाकतात, कारखान्यांचे गाळप अजून सुरू झालेले नसते, आणि उघडीप मिळाली की उकाड्याने व शेतीपंपांनी विजेची मागणी मात्र वाढते. अशा वेळी सगळे कोयनेकडे पाहतात. कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे हे खरे, पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) वार्षिक मर्यादा घातली आहे. आश्विनात जास्त वापरलेले पाणी पुढे उन्हाळ्यात कमी पडते. भिऱ्यासारखी उदंचन योजना, म्हणजे खालचे पाणी पंपाने वर चढवून पुन्हा त्यावर वीज करणारी योजना, दुपारची वीज संध्याकाळपर्यंत नेईल, पण मार्चची ऑक्टोबरपर्यंत नेणे तिचे काम नव्हे.

म्हणून त्या दिवसांसाठी साठवता येईल असे इंधन म्हणून तू प्रेसमडकडे, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणाऱ्या गाळाकडे, पाहा. तिच्यापासून बायोगॅस करण्याचे तंत्र आता नवे राहिलेले नाही. मात्र हंगाम संपल्यावर उघड्यावर रचलेली प्रेसमड आतून तापते, कुजते आणि गॅस देणारा तिचा अंश निघून जातो, त्यामुळे गॅसची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा ढिगात दम उरलेला नसतो. ती सहा-सात महिने, शेतकऱ्याला आणि कारखान्याला परवडेल अशा खर्चात, कशी टिकवावी? यात रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि साधी गवंडीकामाची अक्कल असे तिन्ही लागते, आणि तिन्ही गोष्टी जाणणारी माणसे येथे आहेत.

प्रयोगशाळेवर विसंबून राहू नकोस, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. उमेदवारीच्या काळात आम्ही उसाचे पाचट बॉयलरमध्ये जाळण्याची चाचणी घेतली होती. आवारात आणलेले पाचट झाडून, वाळवून घेतलेले होते आणि चाचणी उत्तम झाली. कारखान्यावर तेच पाचट मातीसकट आले. त्यातल्या पोटॅश आणि क्लोरीनने राख वितळून नळ्यांवर चिकटली, आणि तिसऱ्या आठवड्यात बॉयलर बंद करून छिन्नी-हातोड्याने ती खरवडावी लागली. त्या बॉयलरवरच्या फायरमनने पहिल्याच दिवशी मूठभर पाचट हातात चोळून मला सावध केले होते. मी ऐकले नाही, याची खंत अजून आहे.

दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाला कारखान्यावर ये. कार्यक्रम आटोपला की आपण गेल्या हंगामाच्या प्रेसमडच्या ढिगाकडे जाऊ. तापमापी आणि नमुन्यांसाठी हवाबंद डबे घेऊन ये. वरचा थर आणि दोन हात खोलीवरचा थर असे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतील.

तुझा,
काका