लेकीला चीनचा अभ्यास करायचाय

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्लास लावून चिनी भाषा शिकते. आता म्हणते, पुढे चीनच्या समाजाचाच अभ्यास करायचा. तिच्या बाबांना हे पटत नाही. सीमेवर तणाव, तिकडे जाता येईल की नाही याचा भरवसा नाही, मग नोकरी कोण देणार? आणि बाहेरच्या माणसाला तो देश खरंच कळतो का? – एक आई, सांगली

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नालाच आधी हात घालते, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. कळतो. फक्त अख्खा चीन एकदम कळत नाही. एखादा धागा धरून चिकाटीने बसावं लागतं. चीनमधल्या चोंगचिंग शहराच्या लिझिबा स्टेशनात रहिवासी इमारतीच्या पोटातून जाणारी रेल्वे मोबाईलवर सगळ्यांनी पाहिली आहे. त्या इमारतीत घर कुणाला परवडतं, तिथलं मूल कुठल्या शाळेत जातं, हे त्या व्हिडिओत नसतं. तुमच्या मुलीचं काम तिथून सुरू होतं.

मी तिला 'हुकोउ'पासून, म्हणजे चीनच्या कुटुंबनोंदणीच्या पद्धतीपासून सुरुवात करायला सांगेन. १९५८ च्या कायद्यापासून तिथे प्रत्येक कुटुंबाची नोंद एका गावाशी किंवा शहराशी बांधलेली आहे. समजा, हेनान प्रांतातलं एक जोडपं बारा वर्षं बीजिंगमध्ये बांधकामावर आहे. मुलगा तिथेच वाढला, पण नोंद हेनानची. विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, गाओखाओ, त्याला बीजिंगमधून देता येत नाही. म्हणून आठवी-नववीच्या सुमारास त्याला गावी आजीआजोबांकडे पाठवतात. हेनानमधून दरवर्षी दहा लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसतात, आणि नामांकित विद्यापीठांच्या जागा प्रांतवार ठरलेल्या असतात. बीजिंगची नोंद असलेल्या त्याच्याच वर्गमित्राला यातलं काही सोसावं लागत नाही.

एवढी एक गोष्ट नीट समजली की बाकीच्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतात. वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाला, कोट्यवधी लोक एकाच वेळी गावी का निघतात, चांगल्या शाळेच्या हद्दीतल्या जुन्यापुराण्या फ्लॅटला सोन्याचा भाव का येतो, २०२१ मध्ये तिसऱ्या मुलाला परवानगी मिळूनही २०२२ पासून लोकसंख्या का घटते आहे. या सगळ्यांमागे हे एकच कारण नाही, पण प्रत्येकात त्याचा वाटा आहे.

तुमची मुलगी सांगलीची आहे, ही तिची जमेची बाजू. साखर कारखान्याच्या आसपास बीडहून आलेल्या ऊसतोड कामगारांची पालं तिने पाहिली असतील. त्यांची कितीतरी मुलं गावाकडे आजीआजोबांपाशी राहतात. चीनमधल्या त्या मुलाचं दुःख तिला पुस्तक न उघडता कळेल. मात्र साम्य सापडलं म्हणून तिने तिथेच थांबू नये. आपल्याकडे स्थलांतर हंगामी आहे आणि बारावीची परीक्षा कुठून द्यायची यावर जन्मगावाचं बंधन नाही. तिकडे छोट्या शहरांनी नोंदीचे नियम सैल केले, बड्या शहरांनी शिक्षण, नोकरी वगैरेंना गुण देऊन त्यावर नोंद देण्याची पद्धत आणली. हा फरक शोधणं हाच खरा अभ्यास.

अडचणीही सांगते. जून २०२० मध्ये आपल्या सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये वीचॅट आणि वेबो ही चीनमधली लोकप्रिय समाजमाध्यमं होती. चिनी माणसाचं रोजचं बोलणं, भांडणं, खरेदी बरीचशी तिथेच चालते, आणि इथे बसून ते वाचता येत नाही. तिकडून गूगल-फेसबुक बंद. शिवाय चिनी माध्यमांवर सेन्सॉर असतो, गाजलेला लेख दुसऱ्या दिवशी गायब होऊ शकतो. तरी वाटा आहेत. शांघायचं 'सिक्स्थ टोन' हे इंग्रजी संकेतस्थळ सरकारी माध्यमसमूहाचंच आहे, पण सामान्य लोकांच्या लग्नाबद्दल, नोकरीबद्दल, म्हातारपणाबद्दल मन लावून लिहितं. 'त्साइशिन' (Caixin) हे चिनी माध्यम अर्थविषयक बातम्या खोलात जाऊन देतं. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीजची बुधवारची व्याख्यानं तिने जरूर ऐकावीत.

आता नोकरी. नुसत्या भाषेवर विसंबू नका. साधं भाषांतर आता यंत्र करतं. भाषा अधिक अर्थशास्त्र ही जोडी मात्र चांगली आहे, म्हणून अर्थशास्त्र सोडू देऊ नका. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. यंत्रसामग्री, सुटे भाग, औषधांचा कच्चा माल तिकडून येतो. पुरवठादाराशी बोलणारा, तिथलं धोरण वाचून कंपनीला सावध करणारा माणूस लागतोच. संशोधन संस्थांतल्या जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. परराष्ट्र सेवेचा रस्ताही आहे. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले उत्तम चिनी बोलतात.

तिच्या बाबांना माझा निरोप सांगा. आपल्याकडे चीनची ओळख बहुतेकदा डॉ. कोटणीस आणि १९६२ इथे येऊन थांबते. ज्या शेजाऱ्याशी भांडण आहे, त्याच्या घरात काय चाललंय हे जाणणारी माणसं आपल्याला जास्तच हवीत. तिकडे जाण्याचं म्हणाल तर थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तैवानच्या सरकारचीही भाषाशिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. फक्त तैवानचा समाज वेगळा आणि लिपी चीनमधल्यासारखी सोपी केलेली नाही, पारंपरिक आहे, हे धरून चाला.

पदवीनंतर दिल्ली विद्यापीठाचं पूर्व आशिया अभ्यासाचं एम.ए. तिला सोयीचं पडेल. जेएनयू आणि शांतिनिकेतनचं चीन भवन भाषेसाठी नावाजलेले आहेत. पात्रतेचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपासा. तोवर तिने एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाणित परीक्षेची चौथी पातळी गाठावी. आणि या सुट्टीत हुकोउवर दोन पानं मराठीत लिहून मला पाठवावीत. तिला यात किती रस आहे ते त्या दोन पानांत दिसेल. मग पुढचं आपण तिघी बसून ठरवू, बाबांनाही घेऊन या.