टक्का पाचने वाढला, की मतदान पाच टक्क्यांनी?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: 2019च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे 61 टक्के मतदान झालं, 2024 मध्ये सुमारे 66 टक्के. मग 'मतदान पाच टक्क्यांनी वाढलं' हे वाक्य बरोबर का? त्यांचा भाऊ म्हणतो, ही वाढ आठ टक्क्यांची. या दोन वाढींना मराठीत वेगळे शब्द आहेत का?

ताई, भावाचा हिशेब चुकलेला नाही. 61 वर 5 वाढले, तर शंभरावर किती? आठाहून थोडे जास्त. (प्रत्यक्ष मतं किती वाढली हा आणखी तिसराच हिशेब, कारण मधल्या काळात मतदारयादीही मोठी झाली.) तुमच्या मनातले पाचही खरेच आहेत. घोटाळा 'टक्क्यांनी' या शब्दरूपात आहे.

आपण 'मतदानाचा टक्का वाढला' असं सहज म्हणतो. 'मराठी टक्का घसरला' असंही म्हणतो. या वाक्यांत 'टक्का' एकवचनी आहे आणि तो मोजण्याचं माप नाही. शंभरातला वाटा असा त्याचा अर्थ आहे. वाढतो किंवा घसरतो तो हा वाटाच. म्हणून 'मतदानाचा टक्का पाचने वाढला' म्हटलं की 61 चे 66 झाले, एवढाच अर्थ निघतो. 'पाच टक्क्यांनी वाढलं' यात मात्र टक्के हे माप होतं आणि 'कशाचे पाच टक्के?' हा प्रश्न तसाच राहतो. 61 चे 66 अशा वाढीसाठी 'टक्केबिंदू' (इंग्रजीत 'पर्सेंटेज पॉइंट') असा घडवलेला शब्द अधूनमधून दिसतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो चालेल, पण रोजच्या मराठीला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

हा फरक खिशालाही लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये अनेक वस्तूंवरचा जीएसटी 12 वरून 5 वर आला. दर सातने उतरला, म्हणून वस्तू सात टक्क्यांनी स्वस्त झाली असं बरेच जण धरून चालले. पण 100 रुपयांची वस्तू आधी 112 ला मिळत होती, आता 105 ला. 112 तले 7 म्हणजे सव्वासहा टक्के.

जुन्या मराठीत 'कशाचे?' हे विसरायला फारशी जागा नव्हती. 'दरसाल दर शेकडा' या तीन शब्दांत मुदतही आली आणि पायाही आला. सावकारी व्यवहारात अजून 'दोन टक्क्यांनी पैसे घेतले' म्हणतात, तेव्हा ते दोन महिन्याचे असतात, वर्षाचे चोवीस! ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर मोठाच घोटाळा. मराठेशाहीच्या महसुलातला 'साहोत्रा' हा शब्द तर मला फारच आवडतो. सहा आणि उत्तर, म्हणजे शंभरावर सहा. 'अष्टोत्तरशत' मधला 'उत्तर' तोच. चौथाई म्हणजे मराठे इतर मुलखांतून घेत तो महसुलाचा पाव हिस्सा. तिच्या वाटणीतल्या वाट्यांची नावं अशी: शेकडा 25 राजबाबती, शेकडा 6 साहोत्रा, शेकडा 3 नाडगौडा आणि उरलेला 66 मोकासा. साहोत्रा चौथाईचा, हे त्या व्यवहारात गृहीतच होतं. चौथाईच मुळात महसुलाचा पाव हिस्सा, तेव्हा पूर्ण महसुलाच्या मानाने साहोत्रा दीडच टक्का भरतो. कशाचा वाटा ते कळल्याशिवाय सहा या आकड्याला अर्थच नाही.

व्याजदराच्या बातम्यांत 'पाव टक्क्याने कपात' इतकं रूढ आहे की ते खोडायला जाऊ नये. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून 6.25 वर आणला, तेव्हा 'पाव टक्का' सगळ्यांना नीट कळला. पाव टक्का घटला म्हणजे दराच्या आकड्यातूनच पाव गेला, असं तिथे कानाला पक्कं बसलं आहे. मतदान, पटसंख्या, निकाल यांच्याबाबतीत कान इतका तयार नाही, म्हणून तिथे मी दोन्ही आकडे देतो. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'मतदानाचा टक्का 61 वरून 66 वर गेला.'