ठाण्यातल्या शाळांच्या सुरक्षिततेवर एम.एड.चा लघुप्रबंध करतेय. प्रश्नावली कशी तयार करू?

तुम्ही लिहिलंय की ठाणे आणि ऐरोलीतल्या १० शाळा घेतल्यात आणि मुख्याध्यापकांसाठी प्रश्नावली हवी आहे. ती करा, पण सगळ्यात शेवटी. 'अग्निशामक सिलिंडर आहेत का? जिने किती?' याला दहाही शाळा बरोबर उत्तरं देतील. माझ्या शाळेनेही दिली होती.

मी ठाण्यातल्या एका शाळेत २२ वर्षं शिकवलं. इमारतीला दोन जिने, नकाशातही दोन. मागच्या जिन्याच्या तळाशी लोखंडी सरकतं दार, त्याला कायम कुलूप, कारण मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळायची. एकदा पावसाळ्यात मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. आम्ही वर्ग मागच्या जिन्याने उतरवले, आणि खाली कुलूप. किल्ली शिपाईकाकांच्या खिशात, काका चलन भरायला बँकेत. पहिलीची पोरं दाराला चिकटलेली, वरून सातवीचा लोंढा येतोय. मी मधल्या वळणावर दोन्ही हात कठड्याला धरून आडवी उभी राहिले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले. धूर थांबला, कोणाला खरचटलंही नाही, म्हणून त्याची कुठल्याच वहीत नोंद नाही. तुम्हाला हेच शोधायचंय.

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली. आग स्वयंपाकघरात लागली, वर झावळ्यांचं छप्पर आणि उतरायला अरुंद जिना. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. तुमचं पहिलं प्रकरण तिथून सुरू करा.

मग प्रत्येक शाळेत तीन दिवस नुसत्या उभ्या राहा. दोन अधिवेशनं असतील तर सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची आत येतात ती वीस मिनिटं सोडू नका. जिन्याची रुंदी टेपने मोजा, मजला रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. कोणत्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे, हे मावशींना विचारा. व्हॅन फाटकाशी रिव्हर्स घेते तेव्हा मागे कोण उभं असतं, ते टिपा. प्रथमोपचाराची वही मिळाली तर वर्षभराच्या नोंदी जागा आणि वेळेनुसार लावा. आमच्याकडे निम्मी पोरं पाण्याच्या टाकीपाशीच घसरायची. तिथली फरशी बदलायला फार पैसे लागले नाहीत, पण ती वही कोणी आधी उघडलीच नव्हती.

कागद बघताना 'आहे का' ऐवजी 'शेवटचं कधी' विचारा. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारीत आणि जुलैत लागतो. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट. २०२२ पासून शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, तिच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर, ऑगस्ट २०२४ पासून, कॅमेऱ्यांवर फार भर आला. चित्रण प्रत्यक्षात कोण आणि कधी बघतं, ते विचारा.

ऐरोलीच्या शाळांसाठी एक वेगळा मुद्दा. पलीकडेच रबाळे, महापेचा एमआयडीसीच्या कारखान्यांचा पट्टा आहे. आगीत मुलांना बाहेर काढायचं असतं. विषारी वायूची गळती झाली तर बऱ्याचदा उलट करावं लागतं, म्हणजे आत घेऊन खिडक्या लावायच्या. कवायत मात्र बहुतेक ठिकाणी मैदानात धावण्याचीच होते. या फरकावर एक स्वतंत्र प्रकरण होईल.

मुलांशी बोलणार असाल तर आधी पालकांची लेखी संमती घ्या, आणि 'मी कोणाला सांगणार नाही' हे वाक्य कधीही तोंडातून काढू नका. लैंगिक अत्याचार झाल्याचं मुलाने सांगितलं तर पोक्सोखाली, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, पोलिसांना कळवणं तुम्हालाही बंधनकारक आहे. हे संमतिपत्रात आधीच लिहा, मुलालाही त्याच्या भाषेत सांगा, मार्गदर्शकांशी बोलून ठेवा. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा, नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.